जामीन कोण?

परवा आपल्या अभ्यासवर्गात अकरावीतला एक पोरगा मला म्हणाला, "काका, सरकार आपल्याला स्कॉलरशिप देतं, मग आपण सरकारला शिव्या का देतो?"

देतं! हा शब्द घरी आल्यावरही मनात सलत राहिला. पोराचा दोष नाही. त्यानं मोबाईलवर फॉर्म भरला, अंगठा लावला, दाखले चढवले. त्या फॉर्मच्या मागं काय काय घडून गेलंय हे त्याला आपण कधी सांगितलंच नाही. जयंतीला डीजे लावायला वर्गणी गोळा होते, पण शिष्यवृत्तीचा इतिहास सांगायला आपल्याकडं अर्धा तास नसतो. म्हणून हे टिपण. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. वाचलेलं आणि भोगलेलं, दोन्ही इथं एकत्र आलंय.

सुरुवात जोतीरावांपासून करावी लागते. १८८२ साली इंग्रज सरकारनं हंटरसाहेबाच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाचा आयोग नेमला. त्याच्यापुढं जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी भाषणांतून सगळे सांगतात. शिष्यवृत्तीबद्दल त्यांनी काय मांडलं ते मात्र कुणी सांगत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : आज शिष्यवृत्त्या वाटण्याची जी रीत आहे ती ज्यांच्या घरात शिक्षणाची गोडी आधीच शिरलीय त्यांनाच उत्तेजन देते आणि बाकीच्यांचं नुकसान करते. चढाओढ लावून वाटणं वरवर न्यायाचं दिसतं, पण त्यानं बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवा.

साल लक्षात घ्या. १८८२. आज कुणी 'मेरिट' म्हणून आपल्या तोंडावर दार आपटतो तेव्हा आपण गडबडतो, आणि तिकडं एकशेचाळीस वर्षांपूर्वीच या माणसानं मेरिटची नाडी तपासून ठेवलेली.

पुढं शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली, १९०८ साली अस्पृश्यांच्या मुलांसाठीही काढलं. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह चालू केलं. खेड्यातल्या पोराला नुसती फी माफ करून भागत नाही, त्याला दोन वेळची भाकरी आणि दिव्याखाली बसायला जागा लागते, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. फीमाफी म्हणजेच शिक्षणाची सोय असं ज्याला वाटतं त्यानं कधी उपाशीपोटी गणित सोडवलेलं नसतं.

आता बाबासाहेबांचा कागद.

बाबासाहेब १९०७ ला मॅट्रिक झाले. कॉलेजचा खर्च सुभेदारांना झेपेना. तेव्हा केळुसकर गुरुजींनी सयाजीरावांकडं शब्द टाकला आणि महिना २५ रुपये सुरू झाले. एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालं. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजीबाबा गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाशी करारनामा केला. अमेरिकेत शिकायला तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी.

आपल्या गाण्यांत, पोवाड्यांत सयाजीरावांनी 'मदत केली' असं येतं. केलीच, आणि ती विसरायची नाही. पण कागदाच्या भाषेत तो करार होता. सही करणारा बाप गेलेला तरुण होता, घरी रमाई, थोरला भाऊ चाळीत संसार ओढणारा. आयुष्याची दहा वर्षं त्यानं तारण ठेवली. त्याच्याकडं दुसरं तारण नव्हतंच.

मुदत संपली, बोलावणं आलं, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली ते परतले. त्यांची पुस्तकं ज्या बोटीत होती ती युद्धात बुडाली. सप्टेंबरात करार पाळायला बडोद्याला गेले. तिथं काय झालं हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून पारशी सरायीत दीड रुपया रोजानं राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे, म्हणे आत्ताच्या आत्ता निघ. रात्रीच्या गाडीची वाट बघत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले.

मी हा प्रसंग कितीदा वाचला असेल. रडू येतं ते येतंच, पण एकदा वाचताना वेगळीच गोष्ट ध्यानात आली. संस्थानानं पैसे दिले, कराराप्रमाणे नोकरी दिली. पण नोकरी करायला माणूस गावात राहावा लागतो, आणि गावानं खोली दिली नाही. म्हणजे ऋण घेणारा फेडायला दारात उभा आहे आणि जात त्याला फेडू देत नाही. वर पुढं संस्थानानं त्या पैशाची मागणीही केलीच. करारावर दोघांच्या सह्या असतात. तिसरा एक पक्ष सही न करता बसलेला असतो, तो म्हणजे गाव. आपल्या प्रत्येक कागदात तो असतो.

१९२० ला पुन्हा लंडन. या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने पाच हजार. गंमत बघा, एका गावात पारशांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं आणि दुसरा पारशी मित्र पाच हजार काढून देतो. माणसं सारखी नसतात हे आपण विसरू नये. त्या पैशाच्या आधारावर डी.एस्सी. झाली, बॅरिस्टरी झाली.

पण एका भीमरावाला केळुसकर भेटले, महाराज भेटले, भथेना भेटला. बाकीच्या हजारोंना कोण भेटणार? हा प्रश्न बाबासाहेबांनी सोडला नाही. १९२८ साली मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट कमिटीत ते होते, तिथंही वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या यांवर जोर होता. खरा घाव बसला तो १९४२ ला. जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबरात त्यांनी लिनलिथगोच्या हातात अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन ठेवलं. मुद्दा हिशेबाचा होता. बनारसच्या हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार वर्षाला तीन-तीन लाख देतं, मग आमच्या पोरांच्या वाट्याचे तीन लाख कुठं आहेत? आणि नुसते बी.ए. होणारे कारकून त्यांना नको होते. विज्ञान, तंत्रशिक्षण आणि परदेशातलं शिक्षण यांसाठी त्यांनी पैसा मागितला.

मंजूर झालं. १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पहिल्या वर्षी ती मिळालेल्यांची संख्या शंभराच्या थोडी वर होती. सगळ्या हिंदुस्थानात! १९४८-४९ ला आदिवासी विद्यार्थीही तिच्यात आले. १९५४-५५ ला परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. तुम्ही आज जो फॉर्म भरता तो या १९४४ च्या योजनेचा पणतू आहे.

फरक कळला का? १९१३ ला महाराजांच्या मनावर होतं, १९४४ ला सरकारच्या बजेटात ओळ आली. मनावर असतं ते मन फिरलं की जातं. बजेटातल्या ओळीसाठी भांडता येतं.

बरोबरीनं कॉलेजंही लागत होती. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता यावं. मराठवाड्याच्या रखरखीत माळावरचं मिलिंद आणि हातात स्कॉलरशिप, हे दोन्ही एका वेळी जुळलं नसतं तर दलित साहित्य म्हणून ज्याचा एवढा गवगवा झाला त्यातलं निम्मं लिहिलंच गेलं नसतं असं माझं मत आहे. आमच्या चळवळीतल्या काहींना हे मत आवडत नाही. त्यांना वाटतं, साहित्य वेदनेतून येतं. वेदना तर आमच्या आज्याच्या आज्यालाही होती. त्याला मेसचं बिल भरून कुणी वाचनालयात बसवलं नव्हतं.

आता जो भाग सांगतो तो सांगायला जड जातो.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. आपण बौद्ध झालो. आणि केंद्राच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असायला हवा. १९५६ सालीच त्यात शिखांचा समावेश झाला होता, बौद्धांचा नाही. म्हणजे दीक्षा घेतली त्या क्षणी केंद्राच्या यादीतून नाव गळालं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इथल्या सरकारनं नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या, म्हणून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे जोडशब्द इथल्या सरकारी कागदांवर दिसतात. पण केंद्राची नोकरी, केंद्राची जागा म्हटली की दार बंद. ते उघडलं १९९० ला. चौतीस वर्षं! या चौतीस वर्षांत आपल्या किती घरांत धर्माच्या रकान्यावरून रात्र रात्र वाद झाले असतील?

आमच्याही घरात झाला. १९७७ ला मी नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावातून दहावी होऊन औरंगाबादेत अकरावीला आलो. कॉलेजचं नाव सांगत नाही. बापानं दीक्षा घेतलेली, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, हिंदू देव गावच्या ओढ्यात सोडलेले. शाळेच्या दाखल्यावर मात्र मास्तरनं 'हिंदू महार' लिहून ठेवलेलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "दाखल्यावर आहे तेच ठेव. पुढं रेल्वेत, पोस्टात लागायचं असंल तर उपयोगी पडंल. बौद्ध लिहिलंस तर तिकडचं गेलं." तो आपल्यातलाच होता, वाईट हेतूनं बोलला नाही. मी रकाना तसाच ठेवला. सही केली.

सुट्टीत गावी आल्यावर वडलांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जेवताना पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "नागपूरला मी चालत नाय गेलो, पर मुंबईहून आलेल्या मान्सांनी दीक्षा दिली तवा सगळी बावीस प्रतिज्ञा म्या म्हन्लो व्हतो. तू बी मांडीवर व्हतास." एवढंच. मी रेल्वेत लागलो नाही, पोस्टातही नाही. तो दाखला कशालाच उपयोगी पडला नाही. तो तसाच माझ्याकडं आहे.

स्कॉलरशिप मंजूर व्हायची ऑगस्टात आणि हातात पडायची मार्चात. मध्ये खाणावळवाल्याची उधारी. वर्गात प्राध्यापक हजेरी झाली की म्हणायचे, "बी.सी. स्कॉलरशिपवाले उभे राहा, ऑफिसात सह्या करून या." साठ-सत्तर पोरांत आम्ही अकराजण उभे राहायचो. सही करायला अर्धा मिनिट लागतो. उभं राहायला किती लागतं ते उभं राहिलेल्यालाच विचारा.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपल्या वस्त्या जाळल्या. माझ्याबरोबरची परभणी-नांदेडकडची पोरं घरचं काय झालं बघायला गावाकडं पळाली. काही महिन्याभरानं आली, काही दिवाळीनंतर. हजेरी भरली नाही म्हणून त्यातल्या तिघांची शिष्यवृत्ती त्या वर्षी थांबली. दंगलीच्या इतिहासात किती घरं जळाली याची नोंद सापडते. कुणाकुणाची हजेरी जळाली याची नाही. त्या तिघांतला एकजण पुढं शिकलाच नाही.

असो. पुढचा काळ भराभर सांगतो, कारण तो तुमच्या डोळ्यांपुढचा आहे.

१९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. साखर कारखान्याशेजारी कॉलेज उभं राहू लागलं. देणग्यांची एवढी ओरड झाली की १९८७ ला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. फी हा शब्द तेव्हापासून फुगत गेला तो गेलाच. आणि मग २००१ ला बँकांची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. शब्द कसा गुपचूप बदलला बघा : शिष्यवृत्ती होती, कर्ज आलं. तेव्हा चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, पुढं साडेसातपर्यंत तिऱ्हाईत जामीनदार लागायचा, आणि त्याच्यावर गेलं की मालमत्ता गहाण टाकावी लागायची.

शिष्यवृत्तीकडं बघाल तर २०१३ ला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख झाली आणि पुढची दहा वर्षं तिथंच खिळून राहिली. महागाई काही तिच्यासाठी थांबली नाही. ज्याच्या बापाला झाडूवाल्याची कायम नोकरी आहे तोही त्या रेषेच्या वर. २०१७ नंतर तर केंद्रानं आपला वाटा इतका आखडला की बहुतेक बोजा राज्यांवर पडला. तीन वर्षं केंद्राचे वर्षाला सरासरी अकराशे कोटीच येत होते, हे सरकारनंच नंतर कबूल केलं. ओरड झाली, आणि डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळानं पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली, त्यात केंद्राचे ६० टक्के. ओरड झाली म्हणून झालं, हे त्या पोराला सांगा.

आणि या दोन्हींच्या मध्ये १७ जानेवारी २०१६. हैदराबाद. रोहित वेमुला. त्याच्या शेवटच्या पत्रात आकाशाच्या, ताऱ्यांच्या गोष्टी आहेत, त्या सगळ्यांना आठवतात. त्याच पत्रात हिशेबही आहे. सात महिन्यांची फेलोशिप यायची राहिलीय, एक लाख पंच्याहत्तर हजार, ती घरच्यांना मिळेल असं बघा. आणि एका मित्राचे उसने घेतलेले फेडा. मरायच्या आधी आपला पोरगा हिशेब लिहून ठेवतो. पुन्हा तेच, कामाठी बागेतलं : फेडायला उभा आहे, फेडू देत नाहीत.

माझ्या पुतणीचं सांगून थांबतो. २०११ साली तिला इंग्लंडातल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा मोजक्या, तिचा नंबर लागला नाही. मग बँक. आकडा साडेसात लाखांच्या बराच वर, म्हणजे तारण हवं. भाऊ म्हणाला, आपली जमीन आहे की! आम्ही तलाठ्याकडून सात-बारा काढला आणि तिघं बँकेत गेलो.

मॅनेजर चांगला माणूस. चहा मागवला. सात-बारा हातात घेतला, वर नावं बघितली, अकरा नावं. मग खाली बोट सरकवत नेलं आणि थांबला. "ही नव्या शर्तीची दिसते. वर्ग दोन."

आमची जमीन महारवतनाची. ज्या वतनापायी आमच्या सात पिढ्या गावाची सांगावकी करत राहिल्या, मढ्याची खबर घेऊन ऊन-पावसात पळत राहिल्या, ते वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ सालीच कौन्सिलात बिल आणलं होतं. मोडलं ते १९५८ च्या कायद्यानं. गुलामी गेली, चांगलं झालं. जमीन सरकारजमा झाली, मग शेतसाऱ्याच्या पटीत पैसे भरून घेऊन जुन्या वतनदारांच्या नावे परत दिली. पण नव्या शर्तीनं दिली, कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. महाराची जमीन कुणी फसवून लाटू नये असा त्यातला चांगला हेतू सांगतात. असेल. लाटणाऱ्यांनी तरीही लाटल्याच. आणि पोरीला शिकवायला तारण म्हणून ती बँकेला चालत नाही.

"दुसरं काही?" मॅनेजरनं विचारलं. "एखादा जामीनदार? फ्लॅट असलेला कुणी?"

भावानं माझ्याकडं बघितलं. मी भाड्याच्या घरात. आम्ही दोघांनी मिळून आमच्या ओळखीच्यांची नावं आठवायला सुरुवात केली. नातेवाईक, चळवळीतले, पुढारी झालेले, ऑफिसर झालेले. ज्यांच्याकडं फ्लॅट होते त्यातले दोघे फोन उचलेनात, एकानं आधीच स्वतःच्या पोरासाठी गहाण टाकलेला. आग्र्याला १९५६ च्या मार्चमध्ये बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल जे बोलले ते मला बँकेतल्या त्या खुर्चीत बसून आठवलं, आणि दुसऱ्या क्षणी लाजही वाटली, कारण मी तरी त्या पोरीसाठी तोवर काय उभं केलं होतं?

मुदत गेली. तिनं पुण्यात प्रवेश घेतला, शिकली, आज नोकरीत आहे. दर शनिवारी विहारात बसून वस्तीतल्या पोरांचे फॉर्म भरून देते. तिची एक सवय आहे. प्रत्येक फॉर्म भरला की वहीत तारीख लिहिते, पैसे खात्यात आले की दुसरी तारीख. दोन तारखांच्या मध्ये दिवस किती ते तिसऱ्या रकान्यात. मागच्या वेळी गेलो तेव्हा वही चाळली. तीन वह्या भरल्यात. तिसऱ्या रकान्यात दोनशेच्या आत आलेले आकडे मोजके. समाजकल्याणच्या ऑफिसात ती या वह्याच घेऊन जाते, निवेदन नेत नाही.

तुमच्या तालुक्यातला तिसरा रकाना कुणी भरत असेल तर आपल्या अंकाकडं पाठवा. पुढच्या अंकात छापू.